सुहासिनीचा साबुदाणा

१

बरणी जागेवर होती. झाकण घट्ट होतं. बरणीवर सुहासिनीच्या अक्षरातली चिठ्ठीही होती. नव्हते ते फक्त मणी.

उमाकांतने बरणी फ्रीजमधून काढली आणि खिडकीपाशी नेली. युद्धातल्या विषारी गॅसच्या भीतीने खिडकीला प्लास्टिक लावून कडेने चिकटपट्टी मारली होती, त्यामुळे उजेड जेमतेम येत होता. त्याने बरणी हलवली. आत नुसतं पाणी हललं. तळाशी पांढऱ्या मण्यांचा चार बोटं थर असायचा, तिथे काही नव्हतं.

"काका, काय झालं?" मागून डॉक्टर पुष्करने विचारलं.

"मणी कुठे आहेत?"

पुष्करने बरणी हातात घेतली आणि झाकण उघडून आत पाहिलं. आज शनिवार. आजच तो त्या मण्यांत औषध भरायला सुरुवात करणार होता.

जेद्दाच्या त्या इस्पितळात उमाकांत एसी आणि फ्रीज दुरुस्त करायचा. त्याची बायको सुहासिनी तिथेच औषधविभागात होती. ड्यूटी संपली की ती तळघरातल्या या छोट्या प्रयोगशाळेत बसायची. कोळंबीच्या सालांपासून एक पदार्थ निघतो, कायटोसान. त्याचे ती मणी करायची. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसायचे, म्हणून चिठ्ठीवर तिने तेच लिहिलं होतं, 'साबुदाणा'.

"कॅन्सरचं औषध सगळ्या अंगात फिरतं," ती त्याला सांगायची. "म्हणून केस जातात, तोंड येतं, अन्न जात नाही. तेच या मण्यांत भरून गाठीशेजारी ठेवलं, तर तिथल्या तिथे झिरपेल. मणी मागाहून शरीरच खाऊन टाकेल. काढायला पुन्हा कापायला नको."

हे ती सांगायला लागली तेव्हा तिला स्वतःला काही झालेलं नव्हतं. मग झालं. ऑगस्टात तिने ही शेवटची बरणी भरली आणि ती दोघं मुंबईला गेली. नोव्हेंबरात ती गेली. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपायच्या आत परतायचं म्हणून उमाकांत डिसेंबरात एकटाच आला.

तिच्या साड्या त्याने बहिणींना वाटल्या होत्या. जेद्दात तिच्या हातचं म्हणावं असं या बरणीशिवाय काही उरलं नव्हतं.

२

इस्पितळाचा मुदीर, म्हणजे मुख्य अधिकारी, रागावला की हळू बोलायचा. त्या दिवशी तो फारच हळू बोलत होता.

"फ्रीजच्या किल्ल्या दोन. एक डॉक्टरकडे, एक मोहियुद्दीनकडे. कुलूप तुटलेलं नाही. बाहेरच्या एखाद्या कंपनीला हा माल हवा असेल. डॉक्टर विकणार नाही, शोधनिबंधावर त्याचंच नाव आहे. मग राहिलं कोण?"

मोहियुद्दीन हात बांधून उभा होता. हर्णैचा माणूस, बारा वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस. तो एकच वाक्य बोलला, "मी चोरी केली नाही, साहेब." त्यापुढे तोंड उघडायला तयार नाही.

"पोलीस सध्या युद्धात गुंतलेत," मुदीर उमाकांतकडे वळला. "वस्तू तुझ्या बायकोची. तुला इथला प्रत्येक माणूस ओळखतो. बुधवारी दुपारपर्यंत मला मणी दे, नाहीतर चोर दे. दोन्ही नाही मिळालं, तर याच्या पासपोर्टवर खुरूजचा शिक्का. खलास."

खुरूज म्हणजे कायमचं परत. मोहियुद्दीनची बायको खतीजा आणि मुलगी इफरा इथेच, अल अझीझियात राहत होत्या. इफरा तिसरीत होती. खाली व्हरांड्यात आल्यावर उमाकांतने मोहियुद्दीनचा दंड धरला.

"मोहियुद्दीन, मला तरी सांग."

"काय सांगू, उमाभाऊ? चोरी नाही केली."

"ते ऐकलं. दुसरं काय केलंस?"

मोहियुद्दीनने त्याच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पोछा उचलून चालू पडला.

तळघरात परतून उमाकांतने बरणीवरची चिठ्ठी नखाने सोडवून घेतली. मणी नाहीत तर निदान अक्षर. तेव्हा त्याला दिसलं, चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यावर फिकट गुलाबी डाग होता. डिसेंबरात आल्या आल्या त्याने ही बरणी दोन्ही हातांत धरून पाहिली होती. तेव्हा चिठ्ठीवर एकही डाग नव्हता.

हात तेलकट होते, म्हणून त्याने बेसिनवर साबण लावला. ओल्या अंगठ्याने चिठ्ठी पुन्हा उचलली आणि तो थबकला.

अंगठा लागला तिथे गुलाबी डाग निळसर हिरवा झाला होता.

असा डाग त्याने पूर्वी कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते काही केल्या आठवेना.

३

"संशय माझ्यावरही असेल, नाही का?" पुष्कर म्हणाला. "मे महिन्यात मला परदेशी परिषदेला जायचंय. घ्या काका, बॅग उघडून बघा."

तो चिडून बोलला होता, पण उमाकांतने खरोखरच बॅग उघडली. गॅसचा मुखवटा, दोन शर्ट, आणि त्यांच्याखाली एक निळी वही.

सुहासिनीची वही.

उमाकांतने ती घरभर शोधली होती. मुंबईत तिच्या उशाखालीसुद्धा पाहिलं होतं.

"ही तुझ्याकडे कशी?"

पुष्करचे कान लाल झाले. "ताईंनीच दिली, जाताना. म्हणाल्या, ह्यांना आत्ता दाखवू नको, वाचून हळवे होतील. काम पुरं झालं की दे. खोटं वाटत असेल तर पहिलं पान बघा."

पहिल्या पानावर खरंच तिच्या हाताने लिहिलं होतं, 'पुष्करसाठी. नंतर ह्यांना.'

उमाकांत उभ्या उभ्या वही चाळू लागला. मापं, तारखा, आकृत्या. बारा ग्रॅम कायटोसान या एका बरणीत होतं. मग एके ठिकाणी साधं मराठी आलं. 'सिरिंजमधून थेंब पाडताना हात स्थिर हवा. थरथरला की मण्याला शेपूट येतं.' आणि शेवटच्या पानावर, '२१ ऑगस्ट. आज शेपटं फार. हात ऐकत नाही.'

त्याला ते मणी आठवले. "बेडकाची पिल्लं केलीस की काय?" असं त्याने तेव्हा हसत विचारलं होतं, आणि तीही हसली होती. खरं काय ते तिने सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही कळलं नव्हतं.

त्याने वही मिटली. 

"मला एक सांग. हे मणी चोरून कुणाला काय फायदा?"

"तेच तर मला कळत नाही. त्यात औषधच नव्हतं अजून. नुसती रिकामी घरं होती म्हणा ना. आणि ही वही नसेल तर ते कुणाच्या उपयोगाचे नाहीत."

"पण मणी मुळात होतात कसे? ती करायची तेव्हा मी फक्त पंखा दुरुस्त करत बसायचो."

पुष्कर पहिल्यांदा हसला. "सोपं आहे. साल धुऊन, उकळून कायटोसानची पूड करतात. ती एका द्रावणात विरघळवून पाक करायचा आणि थेंब थेंब कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सोडायचा. थेंब पडला की तिथेच घट्ट होतो. मग स्वच्छ पाण्यात धुऊन ठेवायचा. गाठीच्या आसपास शरीरात जरा आंबटपणा असतो. तिथे मणी सैल पडतो आणि औषध सोडतो. ताईंची सगळी कल्पना त्याच्यावरच होती."

उमाकांतने मान हलवली. त्याला वाटलं, आपल्याला सगळं समजलं. खरं म्हणजे त्याने नुसतं ऐकलं होतं.

४

रविवारी त्याने जलालला गाठलं. जलाल हैदराबादचा, इस्पितळाच्या गाडीवर ड्रायव्हर. जिझान बंदरातल्या बोटींवरून कोळंबीची सालं आणून देणारा तोच. सुहासिनीच्या बर्फाच्या पेट्या त्याने तीन वर्षं वाहिल्या होत्या.

"उमाभाई, मेरे को कायको पूछते? मैं क्या झिंगे का छिलका बेच के महल बांधूँगा?"

"जलाल, तो फ्रीज मी काल उघडून पाहिला. आतला बर्फ नवा आहे. चार दिवसांपेक्षा जुना नाही. मधे फ्रीज बंद होता. कुणी बंद केला?"

 जलालने आधी खिशातली तसबीह, म्हणजे जपमाळ, काढली, मग पुन्हा आत ठेवली.

"खुदा कसम, चोरी नहीं किया." मग त्याने सगळं सांगितलं. गेल्या सोमवारी इस्पितळात हल्ल्याची तालीम झाली. तीस माणसं तळघरात कोंबली. हवा येईना, म्हणून मोठा पंखा लावायचा होता आणि भिंतीत प्लग एकच. जलालने फ्रीजची वायर काढली आणि पुन्हा लावायला विसरला. बुधवारी सकाळी मोहियुद्दीनने दार उघडलं तर मासळीबाजार. खालच्या कप्प्यात सालांची एक पिशवी होती. ती वितळून सगळीकडे पाणी ओघळलेलं.

"मणी होते का तेव्हा?"

"थे ना! डिब्बे पे सब वही गंदा पानी लगा था. मोहियुद्दीन रोने को हो गया. बोला, ताई की अमानत खराब हो गई. मैं बोला, सिरके से, विनेगर से धो डाल. पर सिरका किधर? पूरे अझीझिया में एक बोतल नहीं. गॅस आया तो सिरके का रुमाल मुँह पे बांधना बोलते, सब दुकान खाली."

"मग?"

"मग क्या, मेरे को नहीं मालूम. मैं भाग लिया."

म्हणजे बुधवारी सकाळी मणी होते, आणि शनिवारी नव्हते. मधला गुरुवार आणि शुक्रवार सुट्टीचे.  बुधवारनंतर त्या फ्रीजला हात लावणारा माणूस खरोखर एकच होता.

५

सुहासिनी गेल्यापासून खतीजा रोज दोन डबे पाठवायची, एक नवऱ्याचा आणि एक उमाकांतचा. सोमवारी दोघं नेहमीप्रमाणे जिन्याखाली जेवायला बसले. मोहियुद्दीन भाताकडे बघत होता.

"जेव रे."

"भूक नाय."

उमाकांतने भातावर कालवण ओतलं आणि पहिला घास घेतला. सुरमई होती. खोबरंही होतं. पण चव निराळीच लागली. त्याने बोटाने कालवण ढवळलं. टोमॅटोच्या फोडी.

"भाभींनी टोमॅटो घातलाय?"

"घरात कोकम नाय."

मोहियुद्दीन सहज बोलून गेला. मग त्याचा हात डब्यातच थांबला.

उमाकांतने काही दाखवलं नाही. तो जेवत राहिला, पण घास नुसते गिळत होता. डिसेंबरात येताना खतीजाच्या आईने हर्णैहून दिलेला किलोभर कोकमांचा पुडा त्यानेच बॅगेत आणला होता. कपड्यांना वास लागला होता. पुडा हातात घेताना खतीजा म्हणाली होती, "भाऊ, आता विमानांचा काय भरवसा? चार चार पाकळ्या टाकून मे महिन्यापर्यंत पुरवीन." आणि ती बाई शब्दाची पक्की होती.

दीड महिन्यात किलोभर कोकम गेलं कुठे?

आणि तेवढ्यात त्याला तो डाग आठवला. लहानपणी शाळेच्या सदऱ्यावर कोकमाचं सार सांडायचं. आई साबण लावायची आणि गुलाबी डाग निळाहिरवा व्हायचा. "साबणाने जात नाय, रंग तेवढा बदलतो मेला," म्हणून ती त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची.

उमाकांतने डबा बंद केला.

"मोहियुद्दीन, उद्या दुपारी तुझ्या घरी येतो. भाभींना सांग, चहा नको. त्यांनी जे लपवून ठेवलंय, तेवढं बाहेर काढून ठेवायला सांग."

६

अझीझियातल्या त्या दोन खोल्यांच्या खिडक्यांनाही चिकटपट्ट्या होत्या. इफरा शाळा बंद म्हणून जमिनीवर चित्रं काढत होती. खतीजाने तिला आत पाठवलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, डोक्यावरची ओढणी घट्ट धरून. तिचे डोळे सुजले होते.

"भाभी, मी सांगतो," उमाकांत म्हणाला. "चुकलं तर थांबवा. बुधवारी मोहियुद्दीन बरणी घरी घेऊन आला. फ्रीज बंद पडला ते त्याच्यावर येणार, म्हणून घाबरलेला. बरणीला घाण वास, आतलं पाणी गढूळ. तो म्हणाला, हे धुऊन दे. बरोबर?"

खतीजाने मान हलवली.

"मासळीचा वास घालवायला आंबट लागतं. सिरका मिळेना. मग तुम्ही कोकम भिजवलं. चार पाकळ्यांनी भागणार नव्हतं, सगळा पुडा टाकलात. त्याचं पाणी बरणीत ओतलं. ओतताना चिठ्ठीवर उडालं."

"ताईंनीच शिकवलं होतं, भाऊ!" खतीजाला रडू फुटलं. "मी ताईंची सालं धुवायची ना, इथेच, या मोरीत. त्या म्हणायच्या, खतीजा, सालं आंबटात टाक, चुना सुटतो, वास जातो. तीन वर्षं टाकली. एक साल कधी विरघळलं नाय! मला वाटलं, सालाचेच तर मणी. सालाला जे चालतं ते मण्यांना का नाय चालणार?"

 पुष्करचं बोलणं आता उमाकांतला खरं समजलं. साल आंबटात टिकतं. पण उकळून, पूड होऊन त्याचं दुसरंच काही झालं की ते टिकत नाही. गाठीपाशी सैल पडावं म्हणूनच सुहासिनीने ते निवडलं होतं. इथे तर त्याला सैल पडण्याएवढं नाही, विरघळून जाण्याएवढं आंबट मिळालं होतं.

"रात्रभर ठेवलं, सकाळी बघते तर मणी नाय," खतीजा म्हणाली. "नुसता घट्ट पाक. हे बोलले, बरणी रिकामी दिसली तर लगेच बोंब होईल. म्हणून बरणी घासून, साधं पाणी भरून परत ठेवून आले."

"आणि साहेबाला सांगितलं असतं," मोहियुद्दीन पहिल्यांदा बोलला, "तर त्याने विचारलं असतं, इस्पितळाची वस्तू तुझ्या घरी कशाला गेली? ती चोरीच झाली, उमाभाऊ. आणि तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्या घरातली शेवटची चीज माझ्या बायकोच्या हाताने गेली."

 आतून इफराचा आवाज आला, "मम्मी, व्हाय आर यू क्राइंग?"

"तो पाक," उमाकांतने हळूच विचारलं, "मोरीत ओतला?"

खतीजाने ओढणीने डोळे पुसले. ती स्वयंपाकघरात गेली आणि लोणच्याची काचेची बरणी घेऊन आली. तोंडाला फडकं बांधलेलं. आत दाट, गुलाबी पाक होता.

"ताईंच्या हातचं," ती म्हणाली. "मोरीत कसं ओतू?"

७

बुधवारी सकाळी तळघरात चौघे जमले होते, मुदीर, पुष्कर, मोहियुद्दीन आणि उमाकांत. टेबलावर कॉस्टिकच्या पाण्याचं काचेचं भांडं आणि शेजारी लोणच्याची बरणी.

उमाकांतने मुदीरला सगळं सांगितलं, जलालचा प्लगसुद्धा. मुदीर ऐकत राहिला.

"गोष्ट छान आहे," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. "पण लाल सरबत कुणीही करून आणेल. यात मणी आहेत कशावरून?"

"साहेब, सरबत पाण्यात टाकलं तर पसरतं," उमाकांत म्हणाला. "हे पसरतं का बघा."

पुष्करने सिरिंज भरली आणि त्याच्यासमोर धरली. "काका, तुम्हीच करा."

पाना आणि पक्कड धरणारा हात. त्याला ती नळी काडीसारखी वाटली. त्याने दट्ट्या दाबला. टोकावर गुलाबी थेंब जमला, लोंबला आणि पडला.

थेंब पसरला नाही. पाण्यात शिरताच निळसर झाला, घट्ट झाला आणि सावकाश तळाशी जाऊन बसला. एक मणी.

मुदीर खाली वाकला. दुसरा थेंब पडला. तिसरा. मोहियुद्दीन तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. दुपारपर्यंत सगळा पाक संपला. पुष्करने मणी वारंवार धुतले, वाळवले आणि तोलले. साडेअकरा ग्रॅमच्या थोडं वर भरले. वहीत बारा होते. घरंगळलेलं, भांड्याला चिकटलेलं धरलं तर चोरीला जागाच उरत नव्हती.

मुदीरने मोहियुद्दीनची फाइल मिटली. "पुढच्या वेळी," तो म्हणाला, "फ्रीज बंद पडला तर आधी माझ्याकडे ये. बायकोकडे मागाहून जा." मग जिना चढता चढता पुन्हा वळला. "आणि तिला सांग, ते सरबत मला कधीतरी पाज."

मोहियुद्दीनने लोणच्याची बरणी उचलून फडक्यात गुंडाळली.

"यांत औषध भरता येणार नाही, काका," पुष्कर म्हणाला. "कोकमाचं काय काय यात उतरलंय. पण वही आहे. सालं जलाल आणेल. खतीजाभाभी धुतील. प्रयोग पुन्हा मांडता येईल. फक्त थेंब पाडायला माणूस हवा. मला ओपीडीतून वेळ नाही."

 धुण्याच्या भांड्यात चार ओले मणी राहून गेले होते. उमाकांतने ते तळव्यावर घेतले आणि उजेडाकडे धरले. प्रत्येकाला बारीक शेपूट होतं. त्याचा हात सकाळभर थरथरत होता.

तिच्या शेवटच्या मण्यांनाही अशीच शेपटं होती.

फेब्रुवारी संपता संपता लढाई थांबली. खिडक्यांची प्लास्टिकं निघाली. मे महिन्यात हर्णैहून कोकमाचा नवा पुडा आला आणि खतीजाने त्यातली एकही पाकळी प्रयोगशाळेच्या आसपास जाऊ दिलं नाही. तोवर उमाकांत रोज ड्यूटी संपल्यावर तळघरात बसत होता. पहिले पंधरा दिवस नुसती बेडकाची पिल्लं झाली. मग एक दिवस थेंब गोल पडू लागले.

नवी बरणी भरली त्या दिवशी पुष्करने कोरी चिठ्ठी पुढे केली. "लिहा, काका."

उमाकांतचं अक्षर वाईट होतं. त्याने जीभ दातात धरून लिहिलं, 'साबुदाणा.' त्याखाली, 'कृती : सुहासिनी.' थोडा वेळ तो पेन धरून बसला. मग अगदी खाली, कोपऱ्यात, जिथे पहिल्या चिठ्ठीवर डाग पडला होता, तिथे त्याने बारीक अक्षरात लिहिलं, 'थेंब : उमाकांत.'